एम.एस्सी. फिजिक्सनंतर क्वांटम इन्फर्मेशन थिअरीत संशोधन करायचं आहे. तयारी कशी करू?

आधी एक गणित करून बघा. दोन क्युबिटची (क्युबिट म्हणजे दोन पातळ्यांची क्वांटम प्रणाली) वर्नर स्थिती घ्या : 'पी' एवढा भाग सिंग्लेट, म्हणजे पूर्ण एंटँगल्ड (क्वांटम दुव्याने जोडलेली) जोडी, उरलेला निव्वळ गोंगाट. तिच्या डेन्सिटी मॅट्रिक्सचा (स्थिती मांडणारी मॅट्रिक्स) पार्शल ट्रान्सपोज करून, म्हणजे एकाच क्युबिटपुरता ट्रान्सपोज घेऊन, आयगेनव्हॅल्यू काढा. सर्वांत लहान (१ − ३पी)/४ येते, म्हणजे पी १/३ च्या वर गेला की ती ऋण होते आणि स्थिती एंटँगल्ड ठरते. पण सीएचएसएच असमानता (मोजमापांतून एंटँगलमेंट पकडणारी एक बेल असमानता) मोडायला पी ०.७०७ च्या वर लागतो. मधल्या पट्ट्यात एंटँगलमेंट असूनही ही असमानता गप्प बसते. हे कागदावर जमलं आणि '३×३ मध्येही (तीन पातळ्यांच्या दोन प्रणालींत) ही पार्शल ट्रान्सपोजची कसोटी पुरते का?' असं आपसूक मनात आलं, तर या क्षेत्रात पडायला हरकत नाही. (पुरत नाही. २×२ आणि २×३ पर्यंतच पुरते. पुढे या कसोटीला न दिसणारं बाउंड एंटँगलमेंट आडवं येतं.) क्विस्किट या सॉफ्टवेअरमध्ये क्वांटम सर्किट चालवणं हे वेगळं काम आहे, त्यावरून थिअरीची आवड ठरवू नका.

एम.एस्सी.त हायड्रोजनचा अणू घोटून घेतात आणि डेन्सिटी मॅट्रिक्स उरकून टाकतात. इथे पहिल्या दिवसापासून तेच लागतं. सोबत टेन्सर प्रॉडक्ट, सिंग्युलर व्हॅल्यू, कॉन्व्हेक्सिटी आणि शॅननची एन्ट्रॉपी पक्की हवी. 'कॉम्प्युटरवर बघून घेऊ' ही पळवाट फार दूर नेत नाही : १४ क्युबिटची एकच डेन्सिटी मॅट्रिक्स साठवायला ४ जीबी लागतात, आणि प्रत्येक नव्या क्युबिटला ते चौपट.

पीएच.डी.साठी जेस्ट, गेट आणि नेट-जेआरएफ या तिन्ही प्रवेश-फेलोशिपच्या परीक्षा द्या. जेस्टच्या रँकवर प्रयागराजच्या हरीश-चंद्र संस्थेत किंवा चेन्नईच्या आयएमएससीत (गणितीय विज्ञान संस्थेत) मुलाखतीपर्यंत पोचता येतं. खरी निवड फळ्यासमोर होते. संस्थेच्या नावापेक्षा गाइड बघा. आर्काइव्ह या पेपर मोफत ठेवणाऱ्या वेबसाइटच्या क्वांट-पीएच (क्वांटम फिजिक्स) विभागात त्यांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर काढा आणि पहिलं नाव विद्यार्थ्याचं किती वेळा आहे, जुने विद्यार्थी आता कुठे आहेत, ते तपासा. (काही गटांत नावं अकारविल्हे लावतात, तिथे पहिल्या नावावरून काही कळत नाही.) ईमेलमध्ये 'आय ॲम पॅशनेट' नको, त्यांच्या एका पेपरातली नेमकी कोणती पायरी अडली ते चार ओळींत लिहा.

जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग एसआरएफ (सीनिअर) ४२,०००, वर घरभाडं. पैशांपेक्षा जास्त मुलं पोस्टडॉकच्या वेळापत्रकात अडकतात. परदेशातल्या बऱ्याच जागांचे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये भरायचे असतात आणि रुजू व्हायचं पुढच्या वर्षी, म्हणजे थिसिस संपायच्या वर्षभर आधी. शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात, आणि तिन्ही आपल्याच विभागातली असली की अर्ज फिका पडतो. म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत बाहेरच्या कुणाबरोबर तरी एक पेपर सुरू व्हायलाच हवा.

२०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे ६,००३.६५ कोटी ऐकून हुरळू नका. त्याची चार केंद्रं कॉम्प्युटिंग, कम्युनिकेशन, सेन्सिंग आणि मटेरियल्सची आहेत, निव्वळ थिअरीचं त्यांत नाही. चॅनेल कपॅसिटीवर (माध्यमातून जास्तीत जास्त किती माहिती जाते यावर) काम करणाऱ्याने जोडीला एरर करेक्शन किंवा क्वांटम की डिस्ट्रिब्युशनच्या (गुप्त किल्ली वाटण्याच्या पद्धतीच्या) सिक्युरिटी प्रूफवर एखादा पेपर केला, तर प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना दोन दारं जास्त उघडतात.