चारचौघांत स्वतःचा चांगुलपणा मिरवणारी माणसं मनापासून बोलतात की नाटक करतात, हे कसं ओळखावं? त्यांना उत्तर काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या मीटिंगमध्ये वॉचमनच्या पगाराचा विषय निघाला की दोघं-तिघं उठून गरिबाच्या कष्टांवर भाषण देतात. मेंटेनन्स किती वाढेल असं विचारणाऱ्याला निर्दयी ठरवलं जातं, टाळ्या पडतात आणि पगार होता तेवढाच राहतो.

माणसाच्या मनात काय आहे ते शोधायला जाऊच नका. ते कुणालाच कळत नाही, बऱ्याचदा त्या माणसालाही नाही. त्याच्या चांगुलपणाची किंमत कोण मोजतंय तेवढं बघा. तो स्वतः मोजत असेल तर त्याचं ऐकून घ्या, मग तो कितीही मोठ्या आवाजात बोलो. दुसऱ्या कुणाच्या अंगावरून ती वसूल होत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. मी हे ठामपणे सांगते, कारण आमच्या घरी ती माझ्या आईच्या अंगावरून वसूल झाली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी उतरवायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाडच्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढे गावोगाव ठराव व्हायला लागले आणि आमच्याही गावात ग्रामसभा बसली.

आमचे अण्णा त्याच्या काही वर्षं आधी गेले होते. ते गेले त्या दिवशी आईच्या बांगड्या फोडायला भावकीतल्या बायका आल्या, त्यांना माझ्या आत्याने उंबऱ्यावरच अडवलं. आत्या चौथी शिकलेली, ऐन तिशीत विधवा झालेली. "माझ्या फोडल्यात तेवढ्या पुरे. हिला हात लावायचा नाही," एवढंच ती बोलली. सख्ख्या भावाचं प्रेत घरात होतं आणि ती दारात उभी राहून सगळ्या भावकीचा राग ओढवून घेत होती. त्यातल्या काही बायका पुढे कित्येक महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. तिने हे कधी कुणाला सांगितलं नाही. आई तेव्हापासून कपाळाला छोटी काळी टिकली लावते आणि हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या घालते. गावाला त्याची सवयही झाली होती.

तर ग्रामसभा. माइक आमच्या एका चुलत्यांच्या हातात होता. त्यांचं नाव घेत नाही. गावात कुठलाही कार्यक्रम असो, बोलायला तेच असतात आणि बोलतातही चांगलं. आईचा शब्द, बहिणीची माया, सगळं झालं, समोरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. मग एकाने सुचवलं, नुसता ठराव नको, प्रथा पाळणाऱ्याचा दंड करा. दुसरा म्हणाला, दंडाने काय होतंय, त्याच्या घरचं नळाचं पाणी तोडा. तिसऱ्याने गुन्हा दाखल करायची मागणी केली. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा एक पायरी वर चढत होता, आणि हे पाळून घेणार कोण, कसं, हे कुणीच विचारेना. विचारणारा लगेच प्रथेच्या बाजूचा ठरला असता.

एवढ्यात मागून एक तरुण मुलगी उठली. तिचा नवरा अपघातात गेलेला, पदरात लहान मूल. नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीला दीर तिची वारस नोंद होऊ देत नव्हता. तिने विचारलं, "ठरावात सात-बाराचं पण काही घेता येईल का?" हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. नवऱ्याच्या मिळकतीत बायकोला मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने वाटा आहे, त्यात नवीन काही मागायचं नव्हतं. तलाठ्याकडे फेरफार अडकला होता, तो सोडवायला गावाने तिच्या बाजूने उभं राहायचं होतं, एवढंच. चुलते म्हणाले, "ताई, ते नंतर बघू. आज भावनेचा विषय आहे." मुलगी खाली बसली. तिचा दीर त्याच सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

आणि मग चुलत्यांनी माइकवरून आईला वर बोलावलं. आधी विचारलं नव्हतं, कल्पनाही दिली नव्हती. आई भरल्या सभेत "नाही" म्हणणाऱ्यातली नाही. ती पदर सावरत वर गेली. चुलती कुंकवाचा करंडा घेऊन आधीपासूनच तयार होत्या. कुंकू लावायचं तर कपाळ मोकळं पाहिजे, म्हणून त्यांनी अंगठ्याच्या नखाने आईची टिकली खरवडून काढली आणि आपल्या पदराच्या टोकाने कपाळ पुसून घेतलं. मग कुंकू लावलं. फोटोवाला म्हणाला, "हाताची सावली पडतीय, परत एकदा घ्या." परत पुसलं, परत लावलं. मी खाली तिसऱ्या रांगेत होते. आईचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता.

अण्णा गेले त्या दिवशी आत्याने जे होऊ दिलं नव्हतं, ते विधवांच्या सन्मानाच्या मंचावर सगळ्या गावासमोर झालं.

घरी आल्यावर आईने तोंड धुतलं, नवी टिकली लावली आणि भाकरी करायला बसली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात चुलते मधोमध होते.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. आई आठ दिवस आधीपासून त्यांच्या घरी राबत होती. पापड, सांडगे, रुखवत, सगळ्यात हात. हळदीच्या दिवशी मात्र चुलती हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जरा आत कोठीत बसता का? सामानावर कुणीतरी पाहिजे." आई गेली. बाहेर सवाष्णी हळद लावत होत्या, चुलते मांडवात उभे राहून हे सगळं बघत होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "अगं, मुलाकडचे जुन्या वळणाचे आहेत. पोरीला पुढे ऐकून घ्यावं लागू नये. समाज बदलायला वेळ लागतो." ग्रामसभेत मात्र वेळ लागत नव्हता, तिथे नळ तोडायची भाषा चालली होती.

तरी मी त्यांना ढोंगी म्हणत नाही. सभेत त्यांचा आवाज भरून आला होता तो खोटा होता असं मला वाटत नाही. म्हणूनच सुरुवातीला लिहिलं की मनात शिरू नका. खऱ्या कळवळ्यानेही माणूस दुसऱ्याची टिकली खरवडू शकतो.

यावरून माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं अजून वाजतं. तो म्हणतो, "ताई, दिखावा का असेना, ठराव तर झाला ना? लोकांच्या कानावर गेलं ना?" कानावर जाण्यानेच काम होत असतं तर विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा आहे, सगळं तेव्हाच मिटायला हवं होतं. महादेव गोविंद रानडे पुनर्विवाहाच्या चळवळीतले अग्रणी. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा त्यांनी विधवेशी लग्न करावं अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून स्वतःच्या कर्तृत्वाने मोठी झाली आणि रानड्यांचं बाकीचं काम डोंगराएवढं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या एका प्रसंगाने विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, एका विधवेशी, स्वतः लग्न केलं. मुरुडच्या गावकऱ्यांनी ठरवलं की हे घरी येऊन राहिले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं. कर्व्यांनी ते सोसलं आणि तीन वर्षांनी विधवांसाठी आश्रम काढला. भावाला मी दरवेळी हेच विचारते, की विधवेच्या बापाने आपली मुलगी विश्वासाने कुणाच्या हवाली केली असती? त्यावर तो विषय बदलतो.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर तुम्ही उद्या मीटिंगमध्ये प्रत्येक भाषणाला नाटक म्हणाल. चारचौघांत बोलणं म्हणजे मिरवणं असं अजिबात नाही. जी प्रथा चारचौघांत पाळली जाते ती चारचौघांतच मोडावी लागते, त्यासाठी हेरवाडसारखा ठराव पाहिजेच. त्या मोहिमेमागचे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. तेही जाहीरच होतं, पण सुरुवात स्वतःच्या घरापासून होती. आणि हिशोब विचारणारे सगळे सरळ असतात असंही नाही. पैसे द्यायचे नसले की "उगाच मिरवताय" म्हणणं फार सोपं पडतं. तुमच्या सोसायटीतही असे असतीलच, त्यांच्या हातात हे कोलीत देऊ नका.

त्या मुलीची वारस नोंद शेवटी झाली. आई तिच्याबरोबर तलाठी कार्यालयात खेपा घालत राहिली, आत्याने दिराच्या घरी जाऊन त्याच्या आईला गाठलं आणि मग फेरफार मंजूर झाला. आमच्या गावच्या ठरावाचं त्या सगळ्यात कुठेही काम पडलं नाही. भावाने हे वाचलं तर त्याने मला खोडून दाखवावं.

तुमच्या मीटिंगचं सांगायचं तर पुढच्या वेळी भाषण संपल्यावर टीका करू नका, वाद घालू नका. वही उघडा आणि विचारा, "फ्लॅटमागे महिना किती धरायचे? पहिलं नाव तुमचं लिहू का?" जे आकडा सांगतील त्यांच्याबरोबर बसून तिथल्या तिथे ठराव लिहून घ्या, आधी ते किती मोठ्याने बोलले हे विसरून जा. आणि त्याआधी एकदा वॉचमनला एकट्याला गाठून विचारा, त्याला काय हवंय. पगारवाढ हवी असेल, आठवड्याची सुट्टी हवी असेल, केबिनमध्ये पंखा हवा असेल. तो सांगेल ते वहीत लिहा आणि मीटिंगमध्ये तुम्ही मांडा. त्याला वर बोलावून सगळ्यांसमोर उभं करू नका.