भोक पाडून काढलेलं रक्त पुन्हा साचलं तर?

प्रश्न : बाबा ७९ वर्षांचे आहेत. घरात घसरून पडले आणि दीड महिन्यानं डावा पाय ओढत चालू लागले. मेंदूभोवती साचलेलं रक्त कवटीला भोक पाडून काढलं, पण नव्या स्कॅनमध्ये पुन्हा थोडं दिसतंय. डॉक्टर म्हणतात, नळी घालून रक्तवाहिनी बंद करू. बाबांना सोसेल का?

उत्तर : तुमची धास्ती अगदी रास्त आहे. या रक्ताभोवती पातळ पडदा धरतो आणि त्यात नाजूक नव्या वाहिन्या फुटतात. त्या पाझरत राहतात, म्हणून उपसलेलं पुन्हा भरतं. त्यांना रक्त पुरवते मेंदूच्या आवरणाची मधली धमनी. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी तिथवर नेऊन आम्ही सूक्ष्म कण किंवा घट्ट होणारं द्रव्य सोडतो. त्या वेळी क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर या नव्या वाहिन्यांची कापसाच्या पेळूसारखी धूसर छटा दिसत असते. धमनी बंद झाली की ती छटा विरते. पुष्कळदा पूर्ण भूलही लागत नाही, या वयात हे फार मोलाचं.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्बोलाइझ' चाचणीत नुसत्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत ११.३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. जोडीला हा उपचार केलेल्यांत ४.१ टक्के. धोका आहेच. पक्षाघात होऊ शकतो, क्वचित नजरही जाते, कारण या धमनीचे धागे कधी कधी डोळ्याच्या धमनीशी जुळलेले असतात. ते आधी तपासतात का, हे जरूर विचारा.

रक्त जिरायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. मध्येच बाबा झोपाळू झाले, बोलणं अडखळलं, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.