बाथटब, शॉवर आणि नऊ लाखांची एफडी

बाणेरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो. २०११ सालची बिल्डिंग, थ्री बीएचके. ताई आयटीत, वय ४१, मिस्टर पण नोकरीत, मुलगी आठवीत, सासूबाई ७२ च्या आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास. मास्टर बेडरूमची बाथरूम ९ बाय साडेपाच फुटांची आहे, ती सगळी फोडून नवीन करायची, त्यात वेगळा शॉवरही हवा आणि बाथटबही, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो टब बसवायचा तर बेडरूममधून ३ फूट आत घ्यावे लागतील. कोटेशन ६ लाख ८० हजार. हातात ९ लाखांची एफडी आहे ती मोडू, का होम लोनवाली बँक स्वतःहून फोन करून देतेय ते ७ लाखांचं टॉप-अप, म्हणजे चालू होम लोनवरच वाढीव कर्ज, घेऊ, ९ टक्के, १५ वर्षं? आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, लहानपण वाड्यात गेलं, नऊ बिऱ्हाडांना दोन न्हाण्या, आत जाऊन पाच मिनिटं झाली की बाहेरून कडी वाजायची, म्हणून दार लावून गरम पाण्यात निवांत पडून राहायचं एवढीच इच्छा आहे, हा वेडेपणा आहे का?

ताई, अजिबात वेडेपणा नाही. बाहेरून कडी वाजत असताना घाईघाईत अंगावर पाणी ओतलेल्या माणसाला हे बरोबर कळतं. त्यामुळे टब म्हणजे उधळपट्टी, सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. टब होईल. पण या कोटेशनमध्ये नाही, या लोनवर नाही आणि बेडरूमची भिंत पाडून तर नाहीच.

लोनचं आधी संपवू. ७ लाख, ९ टक्के, १५ वर्षं, म्हणजे हप्ता साधारण ७,१०० बसतो आणि ऐकायला एकदम हलका वाटतो, फोनवर तुम्हाला तेवढाच आकडा सांगितला असणार. पण १५ वर्षांत एकूण जातात पावणेतेरा लाखांच्या वर, म्हणजे जवळजवळ पावणेसहा लाख नुसतं व्याज. तुमची मुलगी तेव्हा २८ ची असेल आणि तुम्ही तोवर कदाचित दुसरी बाथरूम केलेली असेल, कारण नळ, पाणी शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर, काचेच्या कडेचं रबर हे काही १५ वर्षं नव्यासारखं राहत नाही. हेच लोन ५ वर्षांत फेडलं तर हप्ता साडेचौदा हजार होतो पण व्याज पावणेदोन लाखांच्या आतच राहतं. पर्सनल लोन १३ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर व्याज अडीच लाखांच्या वर जातं, म्हणजे बघा, दर जास्त असूनही ते १५ वर्षांच्या टॉप-अपच्या निम्म्याहून कमी पडतं. मुदत हीच खरी खर्चिक गोष्ट आहे, दर नंतर. पण तुम्हाला दोन्हींची गरज नाहीये, का ते पुढे येतंच.

आता एफडी. घरखर्च आणि हप्ता धरून महिन्याला १ लाख १० हजार जातात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सहा महिन्यांचे ६ लाख ६० हजार. हे पैसे बाथरूमचे नाहीतच. दोघं नोकरीत असलात तरी आयटीत एकाची नोकरी गेली की परत लागेपर्यंत किती महिने जातात हे तुम्ही मला सांगायला हवं. त्यात सासूबाईंचा मेडिक्लेम नाही, हे वाचून मला बाथरूमपेक्षा त्याची जास्त काळजी वाटली. गुडघा बदलायची वेळ आली तर खर्च याच एफडीतून होणार. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं, आधार कार्डावर वय वंदना कार्ड काढून मिळतं, ते या आठवड्यात काढा. सगळी हॉस्पिटलं त्यात नसतात, तुमच्या जवळची कुठली आहेत ते आधीच बघून ठेवा. टाइल्स बघायला जायच्या आधी हे काम.

आणि अजून एक, तुमच्या तीन-तीन लाखांच्या तिन्ही पावत्या एकाच सहकारी बँकेत, तुमच्या एकटीच्या नावावर आहेत. ठेव विमा एका बँकेत एका माणसाला व्याज धरून ५ लाखांपर्यंतच असतो. बँक चांगली असेलही, पण ९ लाख एकाच ठिकाणी नको. तेव्हा एकच पावती मोडा, मुदतीआधी मोडल्याचा दंड तेवढ्या एकीवरच बसेल, त्यातले २ लाख ४० हजार बाथरूमला आणि उरलेले ६० हजार दुसऱ्या बँकेत. दुसरी पावती मुदत संपली की तिकडेच न्या.

म्हणजे २ लाख ४० हजार झाले. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, जाऊन महिन्याला ४५ हजार उरतात म्हणता, पाच महिन्यांचे सव्वादोन लाख. एकूण ४ लाख ६५ हजार, एक रुपयाही कर्ज न काढता. एसआयपीचे २० हजार थांबवायचे नाहीत, ते मुलीच्या शिक्षणाचे आहेत.

आता प्रश्न उरतो की पावणेसात लाखांची बाथरूम साडेचारमध्ये कशी बसवायची. तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी दोनदा वाचलं. टब १ लाख १० हजार, टबचा जमिनीतून वर येणारा नळ ५५ हजार, भिंत सरकवणं आणि त्यामुळे बेडरूमची लादी परत करणं ९५ हजार, काचेचा शॉवर क्युबिकल ६० हजार, टाइल्स मजुरीसकट १ लाख ६० हजार, कमोड बेसिन आणि नळ १ लाख २० हजार, फॉल्स सीलिंग ४० हजार, ५० लिटरचा गिझर १८ हजार, आणि वॉटरप्रूफिंग २२ हजार. सगळ्यात कमी आकडा गिझरचा आणि त्याच्या खालोखाल वॉटरप्रूफिंगचा. इथे मला राग आला, खरंच सांगतो. दिसतं त्यावर सहा लाख आणि जे कधीच दिसणार नाही पण ज्याच्यावर सगळं उभं आहे त्यावर २२ हजार.

हे मी अनुभवाने बोलतोय. आमच्या घरी बाथरूम केली तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने जुनं वॉटरप्रूफिंग चांगलं आहे, वरून एक कोट मारतो असं सांगितलं आणि मी ते ऐकलं. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या काकूंच्या देवघराच्या छताला पोपडे आले. आधी वाटलं पावसाचं पाणी असेल, पण पाऊस संपला तरी ओल कमी होईना. शेवटी नवीन बसवलेल्या टाइल्स फोडल्या, सगळं पहिल्यापासून केलं, त्यांचं छत रंगवून दिलं, आणि दीड महिना आम्ही सहाजण एका बाथरूममध्ये. तुमच्या सोसायटीतही आपल्या बाथरूममधून खाली गळलं तर खर्च आपलाच, सोसायटीच्या फंडातून तो होत नाही. म्हणून वॉटरप्रूफिंगला ४५ हजार धरा, जुना कोबा, म्हणजे लादीखालचा भराव, पूर्ण काढून, स्लॅब धुऊन, कोपऱ्यांना गोलाई देऊन, पाइप जिथे भिंतीतून जातात तिथे नीट भरून, आणि टाइल लावायच्या आधी पाणी साठवून किमान ४८ तास ठेवायचं, खालच्या घरी जाऊन छत बघायचं, फोटो काढायचा, मगच पुढचा हप्ता द्यायचा. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल एका रात्रीत कळतं. नाही कळत.

आणि याच कारणासाठी बेडरूममधले ३ फूट नकोत. बाथरूमच्या खालचा स्लॅब खोलगट असतो, त्यातून ड्रेनेजचे पाइप जातात, बेडरूमचा स्लॅब तसा नसतो. तिथे टब नेला की पाइपला उतार मिळवायला जमीन उचलावी लागणार, दारात पायरी येणार, आणि खालच्यांच्या बेडरूमच्या डोक्यावर तुमचं ओलं काम येणार. सोसायटीची लेखी परवानगी यासाठी मिळणं अवघड आणि मिळूही नये असं माझं मत.

पण गंमत अशी आहे की टब आहे त्या जागेतच बसतो. कागदावर काढून बघा. ९ फूट लांबीतले दारालगतचे साडेतीन फूट कोरडे ठेवा, एका लांब भिंतीला वॉल हंग, म्हणजे भिंतीवर टांगलेला, कमोड, समोर लहान बेसिन, कमोडच्या मध्यापासून बाजूला सव्वा फूट मोकळं राहील एवढं बघा. उरलेले साडेपाच फूट ओला भाग, मध्ये एकच उभी काच. त्या ओल्या भागात अगदी शेवटच्या भिंतीला, जी साडेपाच फूट आहे, ५ फूट बाय अडीच फुटांचा टब आडवा येतो आणि त्याच्या पुढे शॉवरला ३ फूट उरतात. ३ बाय साडेपाचचा शॉवर ऐसपैस आहे हो, त्यात बाजूला बसायला स्टूलही ठेवता येतं. टब आणि शॉवर दोन्ही एकाच ओल्या भागात असले की पाणी उडालं तरी कुणाला काही नाही, वेगळा क्युबिकल लागत नाही, आणि ६० हजारांची काच २५ हजारात होते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पुसायलाही एकच काच.

टबच्या वर शॉवर हा पर्याय कुणी सुचवला तर घेऊ नका. पुढे सासूबाईंना हीच खोली द्यायचा विचार आहे असं तुम्ही म्हणता, टबची कड गुडघ्याच्याही वर येते, ती ओल्या पायाने ओलांडणं त्यांना शक्य नाही. त्यांच्यासाठी शॉवरला उंबरठा नको, जमीन सपाट आणि हलका उतार, खरबरीत टाइल, भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे आणि बसायची सोय. याला १२ हजार धरलेत, यात काटछाट नाही.

तर आता करायचं काय, तर सगळी बाथरूम टबच्या जागेसकट तयार करायची, फक्त टब आज आणायचा नाही. गरम-थंड पाण्याच्या लाइन आणि ड्रेनचा पॉइंट टबच्या जागी काढून बूच मारून ठेवायचे, त्याला १५ हजार. नंतर ॲक्रिलिकचा सुटा टब आणून त्या टाइलवरच ठेवायचा, पॉइंटला जोडायचा, फोडाफोड शून्य. जमिनीतून येणारा महागडा नळ नको, भिंतीतला चालतो. फॉल्स सीलिंग गिझर आणि पाइप झाकण्यापुरतं, १५ हजार. जुना २५ लिटरचा गिझर चालू आहे तो राहू दे. कोटेशनमधून टब, त्याचा नळ आणि भिंत मिळून २ लाख ६० हजार गेले, हे बाकीचे फेरफार धरले की काम ३ लाख ९२ हजारात येतं, त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्चाचे धरून ४ लाख ३० हजारांच्या आसपास. जुनी बाथरूम फोडल्यावर आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं, तुमच्या मूळ कोटेशनमध्ये हे दहा टक्के नव्हतेच, म्हणजे ते ६ लाख ८० हजार खरं तर साडेसात लाख होते.

टब कधी? त्यानंतर तीन-चार महिने तेच ४५ हजार साठवले की टब, साधा नळ आणि ५० लिटरचा गिझर येतो. गिझरचं नीट समजून घ्या कारण इथे लोकांची निराशा होते. २५ लिटरमध्ये ६० डिग्रीचं पाणी असेल आणि नळाचं २५ डिग्रीचं, तर मिसळून ४० डिग्रीचं जेमतेम ५८ लिटर होतं. आपण टबमध्ये बसल्यावर पाणी वर येतं हे धरलं तरी १२० लिटर लागतंच. म्हणजे अर्धा टब भरतो, मग परत गिझर तापायला अर्धा तास, तोवर पहिलं पाणी गार. ५० लिटरचा असला की काम एका दमात होतं. वीज फार नाही जात, दोन-सव्वादोन युनिट. पाण्याचं मात्र बघा, १२० लिटर म्हणजे सहा बादल्या, आणि शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा हिशोब धरलेला असतो. उन्हाळ्यात तुमच्याकडे टँकर सुरू झाले की महिनाभर टब बंद, हे आत्ताच मान्य करून ठेवा.

वजनाचंही विचारून घ्या. पाणी, माणूस आणि टब मिळून सव्वादोनशे किलोच्या वर जातं, जास्त भरला तर अजून. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चालतं वजन, म्हणजे माणसं-सामानाचं, धरून काढलेला असतो आणि टबची जागा एक चौरस मीटरच्या किंचित वर. बहुतेक चालतं, पण ते मी किंवा कॉन्ट्रॅक्टरने सांगायचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, आणि बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांऐवजी हलकं भराव साहित्य चालेल का तेही त्यांनाच विचारा.

बिलं सगळी जीएसटीची घ्या, बिल नको म्हणाल तर १८ टक्के वाचतील असं ऐकवलं जाईल. पण पुढे गळलं तर हातात कागद हवा, आणि घर विकताना यातला जो भाग खरी सुधारणा ठरतो तो खरेदी किमतीत मिळवता येतो, साधी दुरुस्ती नाही मिळवता येत. टबमुळे फ्लॅटला जास्त भाव येईल असं मात्र धरू नका, रिसेलला येणारा माणूस आधी छताला ओल आहे का तेच बघतो. टब तुमच्यासाठी आहे, तेवढं कारण पुरेसं आहे.

नवीन कोटेशन आलं की पाठवा, आणि त्यासोबत प्लंबरने हाताने काढलेलं का होईना पण ड्रेनच्या लाइनचं चित्र पाठवा. टबचा पॉइंट शॉवरच्या जाळीच्या आधी जोडलाय का नंतर, ते मला बघायचंय.