पडद्यावरचे चित्र आणि मुलांचे हात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या द्विशिक्षकी शाळेत एक स्मार्ट टीव्ही आहे आणि माझा स्वतःचा मोबाईल आहे. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी परदेशातील एखाद्या शाळेबरोबर चित्रकलेचा उपक्रम करावा, असे मनात आहे. परंतु मुलांकडे टॅब नाहीत. तरीही हे शक्य आहे का? इतर देशांत हे कसे करतात?

उत्तर : शक्य आहे, आणि टॅब नसणे ही यातली मोठी अडचण नाही. जपानमधील ‘आर्ट माइल’ या भित्तिचित्र उपक्रमाची रचना पाहिली, तर हे लक्षात येईल. त्यात जपानमधील एका वर्गाची दुसऱ्या देशातील एका वर्गाशी जोडी लावली जाते. दोन्हीकडची मुले इंटरनेटवरून एकमेकांची ओळख करून घेतात, एक विषय ठरवून त्यावर बोलतात, कच्ची रेखाटने एकमेकांना दाखवतात आणि मग एकाच मोठ्या कापडावरचा अर्धा भाग एक वर्ग रंगवतो. ते कापड टपालाने दुसऱ्या देशात जाते आणि उरलेला भाग तिथली मुले पूर्ण करतात. बोलणे, दाखवणे आणि ठरवणे एवढेच काम डिजिटल साधनाकडे आहे. रंगवण्याचे काम हातांकडेच राहते. प्राथमिक वयाला ही विभागणी मला सर्वांत योग्य वाटते. अनोळखी मुलांनी सोडलेल्या रेषेला आपली रेषा कुठे जुळवायची, हे ठरवण्यासाठी मुलाला ते अर्धे चित्र फार लक्षपूर्वक पाहावे लागते, आणि आपली होडी किंवा आपले काजूचे झाड कधीही न पाहिलेल्या कोणाला तरी ते समजले पाहिजे, ही जाणीव झाली की स्वतःच्या परिसराकडेही ते अधिक बारकाईने पाहू लागते.

वेळेचा विचार आधी करावा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे; आपले सकाळचे साडेदहा म्हणजे तिथले दुपारचे दोन, त्यामुळे दोन्ही शाळा त्या वेळी भरलेल्या असतात. इटली हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, म्हणून तिथल्या शाळेसाठी आपला दुपारचा तास राखून ठेवावा. अमेरिकेतील शाळेशी शाळेच्या वेळेत थेट बोलणे जमत नाही. तिथे चित्रफिती पाठवून काम भागवावे. थेट भेट लहान ठेवावी, आणि तीत मुलांनी स्वतःची चित्रे हातात धरून त्यांविषयी बोलावे. भाषा वेगळी असली, तरी दाखवण्यासारखे काही हातात असले की मुलांचा संकोच लवकर गळतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. देशोदेशींच्या वर्गांशी असा संवाद हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. ग्रामीण शाळेला हे झेपणार नाही, असे कोणी म्हटले तर हे उदाहरण जरूर सांगावे.

पहिला विनिमय पार पडल्यावर आपल्या मोबाईलवर चित्रांना चालते करून पाहावे, कारण हे कागदाला न जमणारे काम आहे. मोबाईल बाकावर घट्ट बसवून खाली मातीच्या किंवा कागदी आकृत्या ठेवाव्यात, त्या थोड्याथोड्या सरकवून दर वेळी एक छायाचित्र घ्यावे. सेकंदाला १२ छायाचित्रे धरली, तर दहा सेकंदांच्या चित्रफितीला १२० लागतात; सहा गटांत वाटली की प्रत्येक गटाला २० येतात. पाऊल टाकताना माणसाचा गुडघा आधी वाकतो की टाच उचलली जाते, असे प्रश्न मग मुलेच विचारू लागतात. एक आग्रह मात्र आहे : मुलांचे चेहरे दिसणारी कोणतीही चित्रफीत बाहेर पाठवण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी, अन्यथा फक्त हात आणि चित्रे दाखवावीत.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी टॅबवर तासन्‌तास रंगवते आणि कागदाला हात लावत नाही. टॅब बंद करावा का?

उत्तर : बंद करण्यापेक्षा क्रम बदलावा. स्वीडनच्या सरकारने २०२३ मध्ये बालवाड्यांतील डिजिटल उपकरणांची सक्ती मागे घेण्याचे ठरवले, तर इटलीतील रेजिओ एमिलिया शहरातल्या बालशाळांत प्रोजेक्टर आणि कॅमेरा हे माती, तार आणि रंग यांच्या शेजारीच मांडलेले असतात. मला दुसरी वाट अधिक पटते. परंतु त्या बालशाळांत पडदा एकटा कधीच नसतो, हे विसरू नये. पडद्यावरचा रंग हा प्रकाश आहे : तिथे लाल आणि हिरवा एकत्र आले की पिवळा दिसतो. बशीतले लाल आणि हिरवे रंग मिसळले, तर तपकिरी, मळकट रंग होतो. हा फरक सहाव्या वर्षी बोटांनी अनुभवायचा असतो. शिवाय टॅबवर चुकलेली रेघ एका स्पर्शाने पुसली जाते, कागदावर मात्र तिचे काहीतरी करावे लागते, आणि त्या ‘काहीतरी’तच कल्पनाशक्तीला पुष्कळ काम मिळते. म्हणून आधी कागदावर चित्र काढू द्यावे, मग त्याचे छायाचित्र घेऊन टॅबवर त्यात भर घालू द्यावी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत शनिवार-रविवारची मराठी शाळा चालवतो. वारली चित्रकला चित्रफितीवरून शिकवणे योग्य ठरेल का?

उत्तर : ठरेल, मात्र ‘त्रिकोणावर त्रिकोण ठेवा, वर वर्तुळ काढा, झाला माणूस’ एवढ्यावर धडा संपवू नये. ही कला लग्नघराच्या भिंतीवर रेखाटल्या जाणाऱ्या चौकाशी, त्यातल्या पालघाट देवीशी, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीच्या नाचाशी जोडलेली आहे, आणि ती पूर्वी प्रामुख्याने सुवासिनींच्या हातची होती. तिला भिंतीवरून कागदावर आणि जगापुढे आणणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना प्रथम शेणा-गेरूने सारवलेली भिंत आणि चौक लिहिणारे हात नीट पाहू द्यावेत, मग खाकी कागद, तांदळाच्या पिठाची पेस्ट आणि टोक ठेचलेली बांबूची काडी द्यावी. विषय मात्र त्यांच्या रोजच्या जगण्यातला असू द्यावा : शाळेची बस, दारातला बर्फ उपसणारे शेजारी. पालघर किंवा डहाणूकडच्या एखाद्या वारली चित्रकाराशी व्हिडिओवर भेट ठरवता आली, तर फारच चांगले; त्यांना योग्य मानधन द्यावे, आणि ते अगोदर ठरवावे.

प्रश्न : परदेशी संग्रहालयांतील चित्रे वर्गात दाखवण्यास परवानगी लागते का?

उत्तर : अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या लाखो कलाकृतींच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या आहेत, त्या उतरवून घेता येतात, छापताही येतात. इतर संग्रहालयांच्या बाबतीत प्रत्येक चित्राखालची नोंद वाचावी. दाखवताना मापाची काळजी घ्यावी, कारण पडद्यावर सगळी चित्रे एकाच आकाराची होतात. राइक्सम्युझियममधले चित्रकार रेम्ब्रांटचे ‘नाइट वॉच’ सुमारे ३.८ मीटर उंच आणि ४.५ मीटर रुंद आहे. त्याच संग्रहालयातले व्हर्मीरचे दूध ओतणाऱ्या स्त्रीचे चित्र अर्ध्या मीटरपेक्षाही लहान आहे. दोन्ही मापे मैदानावर फक्कीने आखून मुलांना त्यांत उभे करावे आणि त्यानंतरच टीव्ही सुरू करावा.