ओट्सचे प्रोटीन बॉल : आधी डबा नको

प्रोटीन पावडरचा महागडा डबा एवढ्यात घेऊ नकोस. 100 ग्रॅम ओट्समध्ये साधारण 13 ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत 25 आणि साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत 35च्या आसपास. या तिघांवर खुशाल भागतं.

ओट्स मंद आचेवर कोरडेच भाज. खमंग वास सुटला की लगेच ताटात काढ, गरम भांड्यात राहिले तर करपतात. अर्धे मिक्सरमधून फिरव, त्या पिठानेच गोळा धरतो. भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाट. पीनट बटर विकत घ्यायची गरजच उरत नाही. गोडीला खजूर. हे सगळं दुधाच्या पावडरीसोबत एकत्र कर.

मिश्रण मुठीत दाबून बघ. भुगा झाला तर चमचाभर दूध, जास्त अजिबात नको. दूध घातलेले बॉल फ्रिजमध्येच ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव.