जेट लीवर लिहिताना माझी झालेली चूक

मारामारीच्या चित्रपटांचा चिनी नट जेट ली याच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहीत असताना ‘तो मुळात शाओलिन या कुंग फूसाठी प्रसिद्ध असलेल्या चिनी बौद्ध मठातला भिक्षू होता का’, असे आपण विचारले आहे. मला माझाच जुना लेख आठवला, कारण मी तर कुणालाही न विचारता त्याला भिक्षू करून मोकळा झालो होतो.

तो भिक्षू नव्हता. 1963 साली बीजिंगमध्ये जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी क्रीडाशाळेत वुशू, म्हणजे चिनी युद्धकला, शिकू लागला, प्रशिक्षक वू बिन यांच्या हाताखाली बीजिंगच्या संघात आला आणि 1974 साली अमेरिकेच्या दौऱ्यात त्याने तिथले अध्यक्ष निक्सन यांच्यासमोर प्रात्यक्षिके केली. पुढे तो पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरला. मात्र ही विजेतेपदे कुणाला लोळवून नव्हे, तर ठरावीक हालचालींच्या आणि शस्त्रांच्या सादरीकरणाला मिळालेल्या गुणांवर आली, त्यामुळे ‘अपराजित लढवय्या’ असे कृपया लिहू नये. 1982 च्या ‘शाओलिन टेम्पल’ या चित्रपटासाठी त्याने मुंडण केले आणि माझ्यासारखे फसले.

त्या मठातल्या फरशीला पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने खळगे पडले आहेत. ‘त्या खळग्यांत या बालभिक्षूचेही पाय पडले’, असे वाक्य लिहून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. चूक उमगली तेव्हा मुद्रिते तपासली जात होती, म्हणजे वेळ होता. पण अंकाच्या कचेरीतला मुद्रितशोधक संपादकांकडे बोट दाखवी, संपादक छापखान्याकडे, आणि छापखाना संपादकांचे लेखी पत्र मागे. आठ दिवस झुलवून शेवटी ‘फर्मा गेला’, म्हणजे ती पाने छपाईला गेली, असे ऐकवण्यात आले. अंक हाती आला तेव्हा नेमके तेच वाक्य चौकटीत, ठळक अक्षरांत होते. दुरुस्ती फोनवर सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

मला चिनी येत नाही आणि मी वुशूही शिकलेलो नाही, तरी माझे मत विचाराल तर लेखाचा मुक्काम 1991 सालावर असावा. दिग्दर्शक त्सुई हार्क यांनी त्या वर्षी ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ या चित्रपटात त्याला वाँग फेइ-हुंग या चिनी लोकनायकाच्या भूमिकेत उभे केले. वाँग हा दक्षिण चीनमधला, ग्वांगडोंग प्रांताचा. त्याची हुंग गार शैली पाय रोवून हातांनी लढणारी. जेट ली पडला उत्तरेकडच्या लांब झेपांचा. जाणकारांना ही सरमिसळ खटकते, मला खटकत नाही. कारण एक हात पाठीमागे, दुसऱ्याचा तळवा पुढे, अशा पवित्र्यात तो नुसता थांबतो तेव्हा खेळाडूचा नट झालेला प्रथमच दिसतो. चित्रीकरणात पायाला दुखापत झाल्यामुळे त्यातल्या काही हाणामाऱ्या बदली कलाकाराने केल्या आहेत, तेव्हा प्रत्येक झेप त्याच्या खात्यावर मांडू नका. हॉलिवूडला मी दोन परिच्छेदांहून अधिक जागा देणार नाही.

जाता जाता एक सांगतो. ‘ली’ हे आडनाव आहे, मूळ नाव ली लियानजिए, आणि ‘जेट’ हे परदेशी प्रेक्षकांसाठी आलेले. नामसूचीत तो ‘ल’खाली घालावा, माझ्या लेखात तोही ‘ज’खाली गेला होता.