लकवा मारल्यापासून बाबांना बोलता येत नाही, पण भजन बरोबर म्हणतात. असं कसं?

ते सोंग करत नाहीत, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. शब्द जुळवून बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला, कपाळामागे चालतं. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 ते 1865 या काळात हे दाखवलं; त्यांच्या 1861 मधल्या एका रुग्णाला बोललेलं बरंच समजायचं, तोंडातून मात्र ‘तान’ एवढंच निघायचं. तुमच्या बाबांचा हाच भाग दुखावला असावा.

भजनाचं वेगळं आहे. वर्षानुवर्षं खंजिरीवर म्हटलेल्या ओळी चालीसकट पाठ असतात आणि चाल सांभाळण्यात उजव्या मेंदूचा मोठा वाटा असतो. एक ते दहा आकडे, वारांची नावं, ‘रामराम’ हेही असंच सहज निघतं. याच गोष्टीवर उभी असलेली उपचारपद्धत 1973 पासून आहे: डाव्या हाताने ताल धरायचा आणि ‘पाणी पाहिजे’ सुरात म्हणायचं.

आपल्या खेड्यांत बोलणं गेलं म्हणजे डोकंच गेलं असं धरून माणसाला ओसरीत बसवून ठेवतात, ते फार वाईट. कापसाचा भाव, ढोरांचं दुखणं, सगळं त्यांच्याशी बोला. प्रश्न हो-नाहीचा विचारा, उत्तराला वेळ द्या. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, म्हणून नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, जे जवळ पडेल तिथल्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात वाचा-उपचाराची (स्पीच थेरपीची) चौकशी याच आठवड्यात करा.